अलार्म फुकट झाला तेव्हा

सारसोळे जेट्टीवर ओहोटीच्या वेळी उभं राहिलात तर समोर चिखल, खारफुटी, कोळ्यांच्या होड्या आणि खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, माहूल-चेंबूरच्या पट्ट्यात, स्वातंत्र्यानंतर उभ्या राहिलेल्या पहिल्या मोठ्या रिफायनऱ्या आहेत. १९५४ ची एस्सोची आणि १९५५ ची बर्मा शेलची, म्हणजे आजच्या एचपीसीएल आणि बीपीसीएल. देशातला पहिला नॅफ्था क्रॅकर युनियन कार्बाइडने १९६६ मध्ये ट्रॉम्बेलाच सुरू केला. आता खाडीकडे पाठ करा. नेरूळ ओलांडून, सायन-पनवेल रस्त्याच्या पलीकडे, टीटीसी एमआयडीसीचा पट्टा लागतो आणि तो थेट ठाण्याच्या दिशेने जातो. नोसिलचा क्रॅकर याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६८ मध्ये चालू झाला. सारसोळे गाव हे असं दोन्ही बाजूंच्या कंट्रोल रूमच्या मधोमध आहे.

मी या गावात भाड्याने राहते, एमएस्सी सांख्यिकीत केलं आणि पीएचडी करतेय ती कंट्रोल रूममधल्या अलार्मवर. नातेवाइकांना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अलार्म म्हणजे घड्याळाचा?" हसू नका, प्रश्न बरोबर आहे. मराठीत अलार्मला आपण गजर म्हणतो, आणि गजर हा शब्द आपल्याकडे दोन कामं करतो. झोपेतून उठवणारा तो गजर, आणि शेकडो गळ्यांनी एकच नाव घ्यायचं तोही गजर. दुसऱ्या गजरात एकेक आवाज वेगळा ऐकू यावा अशी अपेक्षाच नसते. माझा सगळा विषय या दोन अर्थांच्या मधल्या फटीत आहे. उठवण्यासाठी बसवलेला गजर नामगजरासारखा कधी झाला, कसा झाला, आणि त्याचा हिशेब कोणी चुकता केला, हा या लेखाचा इतिहास.

तुमच्यापैकी बहुतेक जण पेट-सेटची तयारी करताय किंवा नुकतेच कोर्सवर्कमध्ये आहात. तुम्ही केमिकलचे नसाल तर आधी कंट्रोल रूमचं चित्र. रिफायनरी किंवा रसायन कारखान्यात द्रव आणि वायू नळ्यांतून, टाक्यांतून, उंच स्तंभांतून अखंड वाहत असतात. दाब, तापमान, पातळी, प्रवाह मोजणारी हजारो उपकरणं फील्डमध्ये असतात, आणि ती सगळी आकड्यांच्या रूपाने एका खोलीत येतात. तिथं शिफ्टमध्ये दोन-तीन पॅनेल ऑपरेटर बसतात. काही बिघडायला लागलं की त्यांनी ओळखायचं, दुरुस्त करायचं किंवा फील्डमधल्या माणसाला वॉकी-टॉकीवरून पाठवायचं. सगळं काही सतत डोळ्यांनी बघणं अशक्य, म्हणून अलार्म.

साठ-सत्तरच्या दशकातल्या कंट्रोल रूममध्ये हा अलार्म म्हणजे काचेची एक चौकट असे. पॅनेलच्या वरच्या भागात अशा चौकटींच्या रांगा, प्रत्येकीवर कोरलेली दोन-तीन शब्दांची पाटी, आत दिवा. दाब वाढला की फील्डमधला प्रेशर स्विच तुटे, रिले पडे, चौकट लुकलुकायला लागे आणि भोंगा वाजे. ऑपरेटर बटण दाबून ॲक्नॉलेज करी, म्हणजे भोंगा बंद आणि दिवा स्थिर. परिस्थिती सुधारली की दिवा विझे. सोपं यंत्र होतं. पण एक चौकट वाढवायची तर फील्डमध्ये नवा स्विच, तिथून कंट्रोल रूमपर्यंत केबल, रिले, पाटी कोरून आणणं, आणि मुख्य म्हणजे पॅनेलवर जागा. जागा तर मोजकीच. म्हणून नवा अलार्म मागणाऱ्या इंजिनियरला कोणाला तरी पटवून द्यावं लागे की तो का हवा. ही अडचण म्हणून कोणी बसवली नव्हती, ती आपोआप होती. पण गाळणीचं काम करत होती.

ही गाळणी परिपूर्ण होती असं समजू नका. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात जे झालं ते याच काचेच्या चौकटींच्या काळात झालं. पहिल्या काही मिनिटांत शंभरहून जास्त अलार्म पेटले. एक झडप उघडी अडकली होती आणि तिच्यातून अणुभट्टीला थंड ठेवणारं पाणी बाहेर जात होतं. पॅनेलवरचा दिवा मात्र झडप बंद असल्यासारखा दिसत होता, कारण तो दिवा झडपेची खरी स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला 'बंद हो' अशी विद्युत आज्ञा गेली, एवढंच तो सांगत होता. अलार्म छापणारा प्रिंटर घटनांच्या दोन तासांहून जास्त मागे पडला. नंतर चौकशी आयोगापुढे एका ऑपरेटरने सांगितलं की त्याला ते अलार्म पॅनेल उचलून फेकून द्यावंसं वाटत होतं, कारण त्यातून उपयोगाचं काहीच कळत नव्हतं.

योगायोग बघा. त्याच वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या आयएसए या इन्स्ट्रुमेंटेशन संस्थेचं १८.१ क्रमांकाचं मानक आलं. चौकट कधी लुकलुकावी, किती वेगाने, भोंगा कधी थांबावा, एकाच वेळी अनेक पेटल्या तर पहिली कुठली होती हे कसं दाखवावं, हे सगळं त्यात नीट बांधलेलं आहे. चौकट मुळात असावी का, हा प्रश्न त्या मानकाचा विषय नाही. त्या प्रश्नाचं उत्तर देणारं मानक, आयएसए १८.२, यायला २००९ उजाडावं लागलं. एका दशांश स्थळाच्या या फरकाला तीस वर्षं लागली, आणि माझ्या मते या विषयाचा इतिहास म्हणजे ही तीस वर्षंच.

मधल्या काळात काय बदललं? १९७५ मध्ये हनीवेलने टीडीसी २००० आणि जपानच्या योकोगावाने सेंटम ही डीसीएस बाजारात आणली. डीसीएस म्हणजे वितरित नियंत्रण प्रणाली, पण मराठीत बोलताना कोणीही हे म्हणत नाही, सगळे डीसीएसच म्हणतात. भिंतभर पॅनेल जाऊन टेबलावर पडदे आले. आपल्याकडेही पुढच्या दशकांत तेच झालं. ऐंशीच्या दशकात टाटा आणि हनीवेल यांची संयुक्त कंपनी पुण्यात आली ती या बदलाचाच भाग होती. डीसीएसने नियंत्रण सुधारलं, नोंदी सुधारल्या, यात वाद नाही. पण अलार्मच्या बाबतीत एक गोष्ट चुपचाप घडली. अलार्म फुकट झाला.

म्हणजे कसं ते बघा. एका टाकीची पातळी मोजणारं एक उपकरण घ्या. डीसीएसमध्ये त्याचा एक टॅग बनतो. त्या टॅगला उंच, अतिउंच, खाली, अतिखाली असे चार अलार्म तयारच असतात. शिवाय ठरवलेल्या किमतीपासून फारकत झाली तर एक, बदलाचा वेग जास्त झाला तर एक, उपकरणाचा सिग्नलच खराब आला तर एक. एका मोजमापामागे सात. केबल नको, पाटी नको, जागा नको. फक्त एक आकडा टाईप करायचा. प्रकल्प उभा राहताना, शेवटच्या घाईत, 'असू दे, पुढे उपयोग होईल' म्हणून हे आकडे भरले जातात. सुरक्षा समितीच्या बैठकीत कुठलाही धोका निघाला की 'अलार्म लावू' हे सगळ्यात स्वस्त उत्तर होतं. अपघात झाला, चौकशी झाली, शिफारस काय? आणखी एक अलार्म. आणि काढायचा म्हटलं की कोण सही करणार? उद्या काही झालं तर त्या सहीकडे बोट दाखवतील. त्यामुळे अलार्म वाढतात, कमी होत नाहीत.

पण फुकट काही नसतं हे आपल्याला घरीच शिकवलेलं असतं. पूर्वी अलार्मची किंमत प्रकल्पाच्या बजेटमधून जायची. आता ती ऑपरेटरच्या लक्षातून जायला लागली, रात्री तीन वाजता, आणि कुठल्याही हिशेबात ती दिसत नव्हती.

ती दिसायला लागली २४ जुलै १९९४ ला, वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या टेक्साको रिफायनरीत. रविवार होता. सकाळी विजांचं वादळ आलं, वीजपुरवठ्यात धक्के बसले, एका विभागात आग लागली आणि इतर विभाग डळमळले. क्रॅकिंग विभागात एक झडप बंद अडकली होती आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर ती उघडी दिसत होती. थ्री माइल आयलंडची आठवण झाली ना? दिशा उलटी, चूक तीच. बाहेर जायची वाट बंद असलेल्या स्तंभात द्रव साठत गेला, तिथून तो फ्लेअरकडे जाणाऱ्या टाकीत गेला, ती भरली आणि पुढची नळी तुटली. सुमारे २० टन ज्वालाग्राही द्रव-वायू बाहेर पडला आणि दुपारी १:२३ ला स्फोट झाला. २६ जण जखमी झाले. कोणी गेलं नाही, आणि त्याचं एक कारण रविवार होता हे आहे.

ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाचा, म्हणजे एचएसईचा, अहवाल १९९७ मध्ये आला. संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा. स्फोटाआधीच्या शेवटच्या १०.७ मिनिटांत दोन ऑपरेटरपुढे २७५ अलार्म आले. भागाकार करा: दर सव्वादोन सेकंदांना एक. फ्लेअरच्या टाकीची पातळी वाढल्याचा इशाराही त्या गर्दीतच होता. त्या प्लांटमध्ये एकूण २०४० अलार्म लावलेले होते आणि त्यातले ८७ टक्के 'उच्च प्राधान्या'चे होते. वर्गातल्या शंभरपैकी सत्त्याऐंशी मुलांना पहिला नंबर दिल्यावर गुणपत्रिकेला जी किंमत राहील तीच या प्राधान्याला राहिली होती.

सांख्यिकीवाली म्हणून इथं थोडी थांबते, कारण हा आकडा जवळजवळ प्रत्येक पेपरच्या प्रस्तावनेत येतो आणि बहुतेक वेळा वाया जातो. २७५ अलार्म म्हणजे २७५ घटना नव्हेत. एक वादळ, एक अडकलेली झडप, आणि त्यांच्या २७५ सावल्या. या सावल्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. त्यामुळे अलार्मच्या नोंदींवर डोळे झाकून पॉयसाँ वितरण बसवणारा पेपर तुमच्या हाती आला तर जरा जपून वाचा. सरासरीचंही तसंच. दिवसाला १४४ अलार्म म्हणजे सरासरी दर दहा मिनिटांना एक, ऐकायला छान. पण त्यातले शंभर एकाच दहा मिनिटांत आले आणि बाकी दिवस शांत गेला तरी सरासरी तीच येते.

आपल्या भागात हे वादळ काही परकं नाही. पावसाळ्यात वीज झटका मारते तेव्हा काय होतं? कंट्रोल रूमचे पडदे यूपीएसवर असतात, ते जिवंत राहतात. फील्डमधल्या मोटारी मात्र पडतात. पंप बंद, प्रवाह शून्य, दाब खाली, पातळी वर, आणि प्रत्येक टॅग आपापलं ओरडायला लागतो. एका कारणाचे शेकडो अलार्म. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, आठवत असेल. तुम्हाला त्या दिवशी लोकल बंद पडलेल्या आठवतील; मला मात्र तेव्हापासून वीज गेली की पहिला विचार येतो तो कुठल्या तरी पडद्यासमोर बसलेल्या माणसाचा.

मिलफर्ड हेवननंतर गोष्टी वेगाने हलल्या. अमेरिकेत हनीवेलच्या पुढाकाराने तेल आणि रसायन कंपन्यांचा असामान्य परिस्थिती व्यवस्थापनाचा गट उभा राहिला होताच. ब्रिटनमध्ये एचएसईने ब्रॅन्सबी आणि जेन्किन्सन यांच्याकडून प्रत्यक्ष कंट्रोल रूममध्ये जाऊन अभ्यास करून घेतला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि १९९९ मध्ये उपकरणं वापरणाऱ्या उद्योगांच्या ईईएमयूए या संघटनेची १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका आली. या विषयात तुम्ही काहीही वाचलंत तरी ती भेटणारच. नेहमीच्या स्थितीत दहा मिनिटांत एकापेक्षा कमी अलार्म असतील तर ठीक, दर पाच मिनिटांना एक म्हणजे सांभाळता येईल, दर दोन मिनिटांना एक म्हणजे बहुधा झेपणार नाही, दर मिनिटाला एकापेक्षा जास्त म्हणजे मान्यच नाही. मोठा बिघाड झाल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत दहापेक्षा कमी असावेत, शंभरच्या वर गेले तर अतिरेक. आता मिलफर्ड हेवनचे २७५ परत या पट्टीवर ठेवून बघा.

त्या मार्गदर्शिकेने आणि नंतर २००९ च्या आयएसए १८.२ ने आणि २०१४ च्या आयईसी ६२६८२ ने खरं काम केलं ते वेगळंच. त्यांनी ती जुनी गाळणी कागदावर परत उभी केली. अलार्म म्हणजे काय, तर ज्यावर ऑपरेटरने वेळेत काही करायला हवं अशी सूचना. करण्यासारखं काही नसेल तर ती माहिती आहे, अलार्म नाही. प्रत्येक अलार्मसाठी लिहून ठेवायचं: कारण काय, ऑपरेटरने काय करायचं, केलं नाही तर काय होईल, त्याच्या हाताशी वेळ किती. याला रॅशनलायझेशन म्हणतात. हे लिहिता आलं नाही तर अलार्म काढायचा. प्राधान्याचं प्रमाणही सुचवलेलं आहे: साधारण ८० टक्के कमी, १५ टक्के मध्यम, ५ टक्के उच्च. हजारो टॅगचं हे काम महिनोन्महिने चालतं आणि त्यात जुना, निवृत्तीला आलेला ऑपरेटर बसवावा लागतो, कारण कागदावर नसलेलं त्याच्याच डोक्यात असतं.

तांत्रिक उपायही आले, त्यातले बरेचसे अगदी साधे. ८० टक्के पातळीला अलार्म लावलेली टाकी घ्या. पंपाच्या धक्क्यांनी पातळी ७९.९ आणि ८०.१ च्या मध्ये डोलत राहते आणि अलार्म रात्रभर वाजतो-विझतो. याला चॅटरिंग म्हणतात. उपाय: वाजेल ८० ला, पण ७८ च्या खाली गेल्याशिवाय विझणार नाही. हा डेडबँड. किंवा मर्यादा ओलांडून काही सेकंद झाल्यावरच वाजेल. असे मोजके उपद्रवी अलार्म शोधून काढले तरी एकूण संख्येतला मोठा वाटा जातो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या सिरीश शाह, टोंगवेन चेन यांच्या गटाने चॅटरिंग मोजायची आणि अलार्मचे पूर चित्रात मांडायची रीत बसवून दिली, ती आज या क्षेत्रातलं बाराखडीचं पुस्तक आहे.

इथवर गोष्ट सरळ वाटते: अलार्म फार झाले, मग कमी केले. माझं या सरळ गोष्टीशी पटत नाही, आणि त्याचं कारण भोपाळ आहे.

डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये अलार्मचा पूर आला नव्हता. एमआयसी हे रसायन शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचं आणि ११ अंशांना अलार्म, अशी मूळ व्यवस्था होती. पण शीतकरण यंत्रणा त्या वर्षीच्या मध्यापासून बंद होती. टाकी बाहेरच्या हवेच्या तापमानाला आली, म्हणजे कायम मर्यादेच्या वर. कायम मर्यादेच्या वर असलेल्या गोष्टीच्या अलार्मला अर्थ उरत नाही. रात्री शिफ्ट बदलल्यावर टाकीचा दाब सुमारे १० पीएसआय दिसला. आधीच्या शिफ्टमध्ये तो २ होता. पण २ ते २५ हा नेहमीचा पट्टा मानलेला, म्हणून १० हा आकडा एकटा बघितला तर ठीकच होता. गळतीची पहिली खबर कामगारांना मिळाली ती चुरचुरणाऱ्या डोळ्यांतून. वस्तीसाठीचा भोंगा मध्यरात्रीनंतर वाजला आणि थोड्याच वेळात बंद केला गेला, कारण छोट्या गळतीने लोक घाबरू नयेत म्हणून कारखान्याच्या आतला आणि वस्तीकडचा भोंगा वेगळे केलेले होते.

आता ईईएमयूएची पट्टी भोपाळच्या त्या टाकीला लावा. दहा मिनिटांत एकापेक्षा कमी अलार्म. पट्टीवर ती कंट्रोल रूम 'उत्तम' या गटात बसते.

म्हणजे पट्टी चुकीची आहे असं मी म्हणत नाहीये. पण ती अलार्मची संख्या मोजते, आणि संख्या दोन तऱ्हांनी कमी होते: विचार करून अलार्म काढला तर, आणि कंटाळून बंद केला तर. नोंदींमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. भोंगा बंद करण्यामागचं तर्कशास्त्रही बघा. 'सारखा वाजून लोकांना त्रास होतो' हे वाक्य चॅटरिंग अलार्म बंद करणारा ऑपरेटरही म्हणतो. जास्त अलार्म आणि मुका अलार्म हे दोन वेगळे आजार नाहीत, पहिल्यातूनच बऱ्याचदा दुसरा होतो.

२३ मार्च २००५ च्या टेक्सास सिटी रिफायनरीच्या स्फोटात हे दोन्ही एकत्र दिसतात. १५ जण गेले, १८० जखमी झाले. स्तंभ भरताना उंच पातळीचा पहिला अलार्म पहाटे वाजला, ॲक्नॉलेज झाला आणि पेटलेलाच राहिला. स्तंभ सुरू करताना पातळी त्याच्या वर नेणं हा तिथला रोजचा रिवाज होता, त्यामुळे तो पेटलेला दिवा म्हणजे नेहमीचं दृश्य. त्याच्या वरचा, वेगळ्या स्विचवर चालणारा दुसरा अलार्म वाजलाच नाही, तो बिघडलेला होता. आणि पडद्यावरचा पातळीचा आकडा, स्तंभ भरत असताना, हळूहळू खाली येत होता. चौकशीत पहिल्यांदा ऑपरेटरांकडे बोट गेलं, ते नेहमीच जातं. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने मात्र उपकरणं, देखभाल, थकवा, वरच्या पातळीवरचे निर्णय हे सगळं बाहेर काढलं.

आता तुमच्या कामाचं. अलार्मच्या नोंदी हा आज मशीन लर्निंगवाल्यांचा आवडता डेटा झाला आहे: वेळ, टॅग, प्राधान्य, वाजला, ॲक्नॉलेज, विझला. लाखो ओळी, स्वच्छ, मोजायला सोप्या. 'पुढचा अलार्म कुठला येईल' यावर पेपर निघतात. माझी तक्रार अशी की या नोंदीत ऑपरेटरला काय माहीत होतं ते नसतं. ॲक्नॉलेज म्हणजे समजलं की नुसता आवाज बंद केला? दोन सेकंदांत पाच वेळा 'ॲक मारला' असेल तर उत्तर तुम्हीच द्या. या फटीत शिरायचा प्रयत्न आपल्याकडे झालाय. आयआयटी गांधीनगर आणि नंतर आयआयटी मद्रासमध्ये राजगोपालन श्रीनिवासन, बाबजी श्रीनिवासन यांनी नकली प्लांट चालवणाऱ्या माणसांच्या नजरेचा माग घेतला: बिघाड ओळखणारा डोळा कुठे जातो आणि न ओळखणारा कुठे भरकटतो. नोंदींपेक्षा हा डेटा गोळा करायला दसपट कष्ट आहेत. म्हणूनच अशी कामं कमी आहेत.

आणि नोंदींवरच काम करायचं असेल (मलाही तेच करायचंय, नजरेचा माग घ्यायची यंत्रं माझ्याकडे नाहीत) तर कंपनीकडे फक्त अलार्म लॉग मागू नका. त्याच काळातली शेल्व्ह केलेल्या, म्हणजे तात्पुरत्या झाकून ठेवलेल्या अलार्मची यादी मागा. मर्यादेचे आकडे कोणी, कधी, कितीवरून कितीवर नेले त्याची नोंद मागा. चोवीस तासांहून जास्त पेटून राहिलेल्यांची यादी मागा. शिफ्ट बदलताना लिहायच्या वहीची दोन-चार पानं बघायला मिळाली तर सोनं. परवानगी मिळायला वेळ लागतो, गोपनीयतेचे कागद करावे लागतात, गाईड म्हणतील एवढं कशाला. तरीही मागा. टेक्सास सिटीचा तो पेटून राहिलेला दिवा आणि भोपाळच्या टाकीचं तापमान यांच्यासारख्या गोष्टी या कागदांत असतात, मुख्य लॉगमध्ये नसतात.

मिलफर्ड हेवनचा अहवाल इंटरनेटवर सहज मिळतो. टेक्सास सिटीचाही केमिकल सेफ्टी बोर्डाच्या संकेतस्थळावर आहे, तो जाडजूड आहे पण घटनाक्रमाचा तक्ता आधी वाचलात तर बाकीचं सोपं जाईल. भोपाळबद्दल वाचताना कंपनीने करून घेतलेला अभ्यास आणि भारतीय शास्त्रज्ञांचा, वरदराजन समितीचा, १९८५ चा अहवाल शेजारी शेजारी ठेवा आणि दोघांनी कंट्रोल रूमला किती पानं दिली आहेत ते मोजा.